मातिरासाचा पिवळा झगा

ते साल एकोणीसशे त्र्याऐंशी. आमच्या बुहेरा जिल्ह्याकडे सलग दुसऱ्या वर्षी पाऊस फिरकला नव्हता, गुरं नदीच्या कोरड्या पात्रात जीभ घासत हिंडत होती, आणि बायकांना माणसांत धरायचं असं सरकारने ठरवल्याला वर्ष होत आलं होतं. अठरा पूर्ण झाली की मुलगी स्वतःची मुखत्यार, असा कायदा निघाला होता. रेडिओवर तो सारखा सांगत. पण आमच्या भागात तो सगळ्यांत सुरेख समजावून सांगायचा जोकोन्या.

जोकोन्या म्हणजे विभागाच्या समितीचा अध्यक्ष. पिठाची गिरणी त्याची, सायकल त्याची, आणि करड्या सफारीच्या खिशाला दोन पेनं, त्यातलं एक चालणारं. गिरणीसमोरच्या झाडाखाली बायकांना बसवून तो हात वर करायचा आणि म्हणायचा, "माझ्या आया-बहिणींनो, तुमच्या पायातल्या जुन्या रूढींच्या बेड्या आम्ही तोडल्या आहेत! आपल्या मुली आता चुलीपुढे नाही, शाळेत बसतील!"

बायका टाळ्या वाजवायच्या. पहिल्या रांगेत बसलेल्या केसियानेही वाजवल्या. त्याच आठवड्यात जोकोन्याने तिच्या घरी निरोप धाडला होता, की तुमची शुपिकाई आता माझ्या चुलीपुढे बसायला पाठवा.

शुपिकाई केसियाची थोरली. तेरा वर्षांची.

यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, हे आधी सांगायला हवं. जोकोन्याची बायको मातिरासा गेल्या वर्षी वारली. मातिरासा ही केसियाच्या नवऱ्याची, झिवानाईची, बहीण. आमच्याकडे बायको गेली की चुलीचे तीन धोंडे कोसळले असं म्हणत, आणि ते उभे करायला तिच्या माहेराने दुसरी मुलगी द्यायची. धाकटी बहीण नसेल तर भावाची मुलगी, म्हणजे भाची. भाचीने आत्याच्या जागी बसायचं, आत्याची भांडी घासायची, आत्याच्या नवऱ्याला नवरा म्हणायचं. शुपिकाई पाळण्यातल्या वयाची होती तेव्हापासून जोकोन्या तिच्या गालाला चिमटा काढून "काय गं माझी छोटी बायको" म्हणायचा, आणि सगळे हसायचे. तशी थट्टा करायचा आतोबाला हक्कच असतो. केसियाही हसायची. थट्टा खरी करायचाही हक्क असतो हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

आता जोकोन्याला साऱ्या जगात भीती होती ती एका बाईची, आणि गंमत म्हणजे ती बाई केसिया. आमच्याकडे नवऱ्याने मुलीच्या माहेराला गुरं द्यायची असतात; मातिरासाच्या लग्नात जोकोन्याने जी गुरं दिली, त्याच गुरांवर झिवानाईने केसियाला करून आणलं. म्हणजे आमच्या रिवाजाने, जोकोन्याच्या गुरांनी आलेली सून ही जोकोन्याची सासू. वयाने ती त्याच्या लेकीसारखी असली तरी सासूच. वाटेत ती दिसली की पंचावन्न वर्षांच्या अध्यक्षाने सायकलवरून उतरायचं, वाट सोडून काट्यांत उकिडवं बसायचं आणि ती पुढे जाईपर्यंत मान खाली घालून आदराची टाळी वाजवायची. तिच्या डोळ्याला डोळा भिडवायचा नाही. तिच्या हातात काही द्यायचं नाही, जमिनीवर ठेवायचं. तिच्या अंगाला बोट लागलं तर माणूस तोंड दाखवायच्या लायकीचा राहत नाही.

केसियाला तो आवडत नसे. म्हणून तो काट्यांत बसलेला असला की ती फार हळू चालायची. कधी मध्येच थांबून पायातला खडा काढायची. खडा नसायचाही.

निरोप आला त्या संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही काय सांगितलंत?"

झिवानाई भला माणूस होता. भला म्हणजे कुणाला नाही म्हणायची वेळ आली की त्याला गोठ्यात काम आठवायचं.

"दाजींना काय सांगणार? त्यांच्या गुरांवर तर तू या घरात आलीस."

"मग मी काय त्यांची गाय झाले? आणि आता कालवड पण त्यांचीच?"

"हळू बोल गं. दुष्काळाचं साल आहे, पोरगी गिरणीवाल्याच्या घरी जातेय, खाऊनपिऊन सुखी राहील."

"तुमची बहीण राहिली ना सुखी?"

झिवानाई गोठ्याकडे बघायला लागला.

केसियाने मातिरासाच्या आजारपणात तिची सेवा केली होती. छातीच्या दुखण्याने नणंद अंथरुणाला खिळली, तेव्हा ती महिनाभर त्या घरात राहिली. मातिरासाचा उजवा हात कोपरात वाकडा होता, तो सरळ व्हायचा नाही. "स्टुलावरून पडले होते," असं ती सगळ्यांना सांगायची. महिनाभरात केसियाने त्या घराचा कोपरान् कोपरा झाडला. स्टूल तिला कुठे दिसलं नाही.

शुपिकाईला प्रकरण धड कळलं नव्हतं. ती सातवीत होती, आणि जोकोन्याची धाकटी मुलगी रुवा तिच्याच बाकावर बसायची.

"आई, मी तिकडे गेले तर रुवाची आई होणार?"

"असं म्हणतात खरं."

"ती माझ्या वहीतली गणितं बघून लिहिते. मग मला तिला मारता येईल?" पोरीने दप्तर मांडीवर ओढलं. "आणि मी शाळेत गेले, तर आतोबांना जेवायला कोण वाढणार?"

"तू शाळेत जाणार नाहीस."

मग तिला कळलं.

केसिया दुसऱ्या दिवशी बस पकडून महिला कल्याणच्या कचेरीत गेली. कायदा आहे तर तो कुठे ठेवलाय ते तरी बघू, म्हणाली. तिथे शहरातून आलेली एक तरुण बाई होती, डोळ्यांत पाणी आणून ऐकणारी. "हे अगदी चूक आहे, ताई," ती म्हणाली. "तुम्ही तक्रार करा. मी स्वतः पाठपुरावा करीन. फक्त तुमच्या विभागाच्या समितीच्या अध्यक्षांकडून सही आणा."

केसिया तिचे आभार मानून बसच्या थांब्यावर आली. बस येईपर्यंत एकटीच हसत होती. शेजारी बसलेली कोंबडीवाली जरा सरकून बसली.

राहिली थोरली नणंद, रोझिना. मातिरासाची मोठी बहीण, त्या घरातल्या सगळ्या लेकीबाळींवर तिचाच शब्द. लग्नं तीच जुळवायची, तीच मोडायची. तपकिरीची डबी कमरेला, आणि जीभ तपकिरीहून झणझणीत.

"वन्सं, पोर लहान आहे हो," केसिया गुडघ्यांवर बसून म्हणाली.

"आम्ही काय म्हाताऱ्या होऊन नांदायला गेलो होतो? माझी तर छातीसुद्धा भरली नव्हती. मेले का मी?"

"नाही मेलात."

"मग?"

"पहिल्या वर्षाचं तुम्हाला काय काय आठवतं, वन्सं?"

रोझिनाने डबी उघडली. चिमूट घेतली, पण नाकापर्यंत नेलीच नाही. बोटं तशीच हवेत धरून ती अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत बसली. मग तपकीर झटकून टाकली, आणि दुष्काळाच्या साली तपकीर कुणी झटकत नाही.

"शब्द गेलाय," ती म्हणाली. "पुरुषांनी बसून दिलाय. आता मी एकटी काय करू? तू सून आहेस, सुनेचं काम कर जा."

"तेच करते. मातिरासावन्संचा पिवळा झगा तुमच्याकडे आहे ना? तेवढा द्या."

रोझिनाने तिच्याकडे निरखून बघितलं. मग आत जाऊन झगा आणला, आणि सोबत न मागताच मातिरासाचं डोक्याचं फडकंही आणून दिलं.

माणूस गेल्यावर वर्षाने त्याचा जीव घरी आणायचा, तो दिवस जोकोन्याच्या अंगणात ठरला होता. बाजरीची दारू आठवडाभर आंबत होती. रात्रभर ढोल वाजले, पहाटे सगळे थडग्यावर जाऊन दारू ओतून आले, आणि ऊन वर आल्यावर अंगणात माणसं दाटीवाटीने बसली. त्या दिवशी दोन कामं उरकायची होती. मातिरासाला घरात घ्यायचं, आणि तिची चूल शुपिकाईच्या हाती द्यायची. मधोमध नवी चटई अंथरली होती. शुपिकाईला नवं कापड गुंडाळून तिच्यावर बसवलं होतं. कापड मोठ्या बाईच्या मापाचं होतं, त्यात पोर कुठे संपते आणि कापड कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. जोकोन्या खुर्चीवर. पाठीमागे समितीची मंडळी, त्यांनाही खुर्च्या.

आणि अशा दिवशी सुनांचा खेळ असतो. गेलेल्या माणसाचे कपडे घालून सुना त्याची नक्कल करतात, त्याच्यासारखं चालतात, बोलतात, ज्याला जे सुनवायचं ते सुनवतात. कुणी रागवायचं नाही. राग आला तरी गिळायचा आणि हसायचं. रागावला त्याला दंड. वर्षभर ज्यांना तोंड उघडायची मुभा नसते त्यांना एक दिवस ती मिळते, आणि आमच्या बायका तो दिवस वाया घालवत नसत.

स्वयंपाकघराच्या दारातून मातिरासा बाहेर आली.

म्हणजे केसियाच, पण क्षणभर ढोलवाल्याचाही हात चुकला. तोच पिवळा झगा, भुवयांपर्यंत ओढलेलं तेच फडकं, उजवा हात कोपरात वाकडा करून पोटाशी धरलेला, आणि दर दोन पावलांवर तो बारीक खोकला. बायका हसत सुटल्या, आणि हसताहसता दोघीतिघींनी डोळे पुसले.

"अगं बाई, केवढी ही माणसं!" मातिरासाच्या आवाजात केसिया म्हणाली. "मी जिवंत असताना पाणी विचारायलाही कुणी येत नव्हतं. मेल्यावर दारू ठेवली म्हणून आलात होय?" मडक्यात डोकावून तिने नाक मुरडलं. "आणि बाजरी कोणी चोरली यातली? मेलेल्या बाईला पण मापात मारता?"

अंगणभर हशा. जोकोन्याही हसला. तो दंड चुकवणारं हसू हसत होता.

मग ती त्याच्याकडे वळली. "बसा, रुवाचे बाबा, उठू नका. इतकी वर्षं मी उभी होते, आता काय मोठं." आणि तिने चटईवरच्या शुपिकाईच्या हातात ढवळायचा लाकडी दांडा दिला. "ये गं भाचे, घे बाई माझं राज्य. सकाळी उठलीस की आधी यांच्या पायांना गरम पाणी. मग दात शोधायचे. वरचे पेल्यात असतात, खालचे कुठेही असतात. एकदा गिरणीच्या पिठात सापडले होते."

समितीची मंडळी तोंडावर हात धरून हलायला लागली.

"बायकांच्या हक्कांवर भाषण असेल त्या दिवशी सफारीला कडक इस्त्री हवी. ती करून दे, पण ऐकायला जाऊ नकोस. जेवणाला उशीर होतो, आणि मग ते हक्क घरी आल्यावर समजावून सांगतात." तिने वाकडा हात जरा वर उचलला. "मला नीट समजावले होते. स्टुलावरून."

हशा एका बाजूने थांबला. बायकांच्या बाजूने.

"सासूबाई... छान, छान खेळ झाला," जोकोन्या खुर्चीत सरकत म्हणाला. "आता कामाचं बघू."

"सासूबाई कोण? मी मातिरासा. रुवा! कुठंय माझी पोर? ये इकडे, आईच्या पाया पड." रुवा आली. दोघी मैत्रिणी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या, आधी खुदखुदल्या, मग शुपिकाईने त्या मोठ्या कापडात तोंड खुपसलं. "अगं रडतेस काय? ही तुझी लेक. तुझ्याहून बोटभर उंचच आहे, म्हणजे पाणी भरायला बरी. बघितलंत, रुवाचे बाबा, किती शोभतात आई-लेकी!"

"पुरे आता," जोकोन्या म्हणाला. हसू गेलं होतं.

केसिया खोकली. तो बारीक खोकला. मग अगदी हळू, मान खाली घालून, ज्या सुरात महिनाभर तिने भिंतीपलीकडून ऐकलं होतं त्या सुरात म्हणाली, "हो, रुवाचे बाबा. तुम्हाला सगळं ठाऊक."

त्या घरात या वाक्यानंतर काय व्हायचं ते केसियाला माहीत होतं. आजारी बाईलाही त्यातून सुटका नव्हती.

"पुरे म्हटलं ना!"

"हो, रुवाचे बाबा. तुम्हाला सगळं..."

"गप्प बस, मातिरासा!"

खुर्ची मागे आपटली. जोकोन्याने तिचा वाकडा धरलेला हात पकडला, नेमका तोच, आणि दुसऱ्या हाताने थोबाडीत मारली. फडकं सुटून खाली पडलं, आणि भर अंगणात, भर उन्हात, त्याच्या मुठीत त्याच्या सासूचा हात होता.

ढोल थांबले.

जोकोन्याने विस्तव धरल्यासारखा तो हात सोडला आणि मातीत कोसळून टाळ्या वाजवायला लागला. "सासूबाई, सासूबाई, चुकलो..."

केसियाच्या गालावर चार बोटं उठली होती. तिने खाली वाकून फडकं उचललं, झटकलं आणि परत बांधलं.

रोझिना उठली. तिने तपकीर घेतली, या वेळी नीट नाकापर्यंत, आणि शिंक येऊ दिली. मग विचारलं, "जावईबापू, तुम्ही कुणाला मारलंत?"

"मला वाटलं... मला वाटलं मातिरासाच आहे."

"म्हणजे माझी बहीण असती तर चाललं असतं?"

"तसं नाही हो. हात... हात सवयीनं गेला."

"सवयीनं," रोझिना म्हणाली. हा शब्द तिने पुरुषांच्या घोळक्याकडे बघून परत एकदा म्हटला. "ऐकलंत ना?"

जोकोन्याचा एक म्हातारा चुलता खाकरला. "चूक झालीय खरी. गाय देतील, पाय धरतील. पण ठरलेलं काम..."

"गाय तर देतीलच. ती माफीची. सासूवर हात टाकणाऱ्याच्या चटईवर आमच्या घरची लेक बसत नाही, हा कायदा रेडिओवरचा नाही, काका. तुमच्या बापाचा आहे. मोडायचाय? मग मोडा, आणि रात्री आमची मातिरासा तुमच्या उशाशी येऊन बसली की मला बोलवू नका. आज सकाळीच तिला घरी आणलीय, लांब जायला नको तिला."

चुलता दारूच्या मडक्याकडे बघायला लागला. बाकीच्यांनाही एकाएकी तहान लागली.

रोझिनाने शुपिकाईच्या हातातला दांडा काढून घेतला. आता तो कुणाला द्यायचा म्हणून तिने अंगणभर नजर फिरवली, आणि मातीत गुडघ्यांवर बसलेल्या अध्यक्षासमोर जमिनीवर ठेवला.

"घ्या. चूल तुमची, धोंडे तुमचे. उभे करा."

झिवानाईने त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा आपण होऊन काही केलं. चटईवरून लेकीला उचललं, पाठीवर घेतलं, तेरा वर्षांच्या घोडीला, आणि घरी चालत निघाला. वाटेत बायकोला एवढंच म्हणाला, "गाल फार दुखतोय का?"

"हसलं की दुखतो," केसिया म्हणाली.

पुढे पाऊस आला. जोकोन्याने माफीची गाय दिली, आणि ती गाय केसियाची स्वतःची झाली, कारण सासूची गाय सासूचीच असते. तिच्या वासरांवर शुपिकाई शिकली. गणितात ती कधी चमकली नाही, हे नंतर उघड झालं, तेव्हा रुवा इतकी वर्षं कुणाच्या वहीतून काय लिहीत होती देव जाणे. पण शुपिकाई तालुक्याच्या गावी बियाण्यांचं दुकान चालवते, चोविसाव्या वर्षी स्वतः बघून लग्न केलं, आणि नवऱ्याशी भांडण झालं की स्टूल पुढे ओढून त्याच्यावर बसून भांडते. झिवानाई गोठ्यातच गेला, गाईचं दूध काढता काढता, कुणाला त्रास न देता. रोझिना खूप जगली. मरताना तिने बजावलं होतं की माझी नक्कल केसियाच करेल आणि तपकीर खरी आणायची, वाळलेला पाला नको. महिला कल्याणच्या त्या बाईने बुहेराच्या जागृतीवर अहवाल लिहिला आणि तिची राजधानीत बढती झाली. त्या अहवालात जोकोन्याच्या सहकार्याबद्दल आभार आहेत, असं म्हणतात.

जोकोन्याने पुढच्या वर्षी लांबच्या गावची एक विधवा केली. अंगाने ती त्याच्या दुप्पट होती, आणि तिचे दोन भाऊ पोलिसात. तिचे हात शेवटपर्यंत सरळ राहिले. तो समितीचा अध्यक्ष बरीच वर्षं होता, पण भाषण रंगात आलं की मागून कुणीतरी पोर हळूच "गप्प बस, मातिरासा" म्हणायचं आणि बायकांच्या रांगा हेलकावे खायच्या. पुढे पुढे तो रस्त्यांवर आणि विहिरींवरच बोलायचा.

तो वारला तेव्हा वर्षाच्या दिवशी सुनांनी केसियालाच बोलावलं. केस पांढरे झाले होते तिचे. तिने त्याची करडी सफारी घातली, खिशाला दोन पेनं लावली, खुर्चीवर उभी राहिली आणि ते झाडाखालचं जुनं भाषण शब्दन् शब्द म्हटलं. बेड्या, आया-बहिणी, चूल, शाळा, सगळं. लोक पोट धरून लोळले. ढोलवाल्याला वाजवता येईना.

पहिल्या रांगेत रुवा बसली होती. सोळाव्या वर्षी बापाने तिला एका वाण्याला दिली होती. तो चांगला माणूस आहे, सगळ्यांनी सांगितलं होतं, आणि तिच्यासाठी झगा घालायला कुणी नव्हतं. मांडीवर धाकटं, पाठीशी तीन मोठी. ती हसली नाही. भाषणात मुली शाळेत बसतील असं आलं, तेव्हा सगळ्यांबरोबर तिनेही टाळ्या वाजवल्या.